भिंतीपलीकडच्या टाचा

सकाळी चहाला उकळी येते, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पलीकडून टाचा आपटतात. आधी धप्प, मग खर्र खर्र. फळीवरच्या ताटल्या वाजतात आणि मला कळतं, मेश्रामकाका उलटे झाले.

इथे उत्तरेकडच्या शहरात, तेलीबाग वस्तीत काकांचं घर आमच्या घराला चिकटून आहे. मधली भिंत एकच. मूळचे नागपूरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे. हात जमिनीवर, टाचा भिंतीला, कोपरं वाकवून डोकं जमिनीला टेकवायचं आणि सगळा देह परत वर ढकलायचा, हा त्यांचा व्यायाम. भल्याभल्या पोरांचे हात त्यात लटपटतात. पायजमा गुडघ्याकडे घसरू नये म्हणून काका घोट्यांना सुतळी बांधतात.

एकदा नव्या सब्जीवाल्याने खिडकीतून ते पाय पाहिले आणि ठेला सोडून माझ्याकडे धावला. "भाभीजी, अंकल उल्टे लटके हैं!" मी गेले, तर काका तसेच खालून विचारत होते, "भैया, पालक ताजा है क्या?"

मी वैतागून म्हटलं, "काका, घराला दुसऱ्या भिंती नाहीत का? माझ्या ताटल्या पडतात."

"हीच मजबूत आहे, ताई. ताटल्या खाली ठेवा."

मागच्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा निघेना. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला, तो मी फ्रिजवर लावून टाकला. नवऱ्याने काही दिवस पोळ्या केल्या, त्याबद्दल मी बोलत नाही.

काका खडू घेऊन आले. "बेअरिंग जाम झालंय. लोड हळूहळू द्यायचा." मला त्याच भिंतीसमोर उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला लावली. हात अडला तिथे खडूची रेघ. "हे उन्नाव, इथून नागपूरला जाताना सुरुवातीला लागणारं स्टेशन. वरची फळी म्हणजे नागपूर."

कानपूर लवकर आलं. झाशीला हात अडकला तो अडकलाच. मी चिडले की काका म्हणायचे, "सिग्नल नाही, ताई. गाडीतून उतरायचं नसतं." रोज यायचे, चहा घ्यायचे, रेघ ओढायचे. भोपाळ गेलं, इटारसी गेलं आणि एका सकाळी मी नागपूरचा डबा स्वतः खाली काढला.

त्यानंतर एकदा चहाला उकळी आली आणि टाचा वाजल्याच नाहीत. मी गॅस बंद करून धावले. दार ढकलताच उघडलं. काका पलंगावर आडवे होते.

"कंबर धरली आहे. बाकी ठीक."

"आणि दार उघडं टाकून झोपलात?"

"आत्ताच कडी काढली. उलटं व्हायच्या आधी रोज काढतो. पडलो तर तुम्हाला दार तोडावं लागू नये."

"मी येईन, हे कशावरून?"

"त्या बाजूला रिकामा प्लॉट आहे, समोर रस्ता. तिकडे धप्प केलं काय, न केलं काय." काका छताकडे बघत होते. "तुमच्या ताटल्या वाजतात."

मी शेक द्यायची पिशवी आणायला निघून गेले.

कंबर बरी झाली. ताटल्या मी अजून त्याच फळीवर ठेवते. सकाळी धप्प झालं की उजवा हात वर नेते आणि नागपूरच्या रेघेवर टकटक करते. मग पलीकडे खर्र खर्र सुरू होतं.