कुणाला त्रास नाही

हरकत नोंदवायची मुदत आज पाचला संपत होती, आणि हे मंडळाच्या ध्यानात आलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गेली बावीस वर्षं दर गुरुवारी साम्राज्यवादविरोधी अभ्यास मंडळ भरत असे. सुरुवातीला अकरा सभासद होते. दोनदा फूट पडली, उरलेलं काम वयानं केलं, आणि आता तिघं राहिले होते: इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, बँकेच्या युनियनमध्ये आयुष्य घालवलेले बँकवाले, आणि दवाखाना मुलाच्या ताब्यात देऊन मोकळे झालेले डॉक्टर. पृथ्वीच्या पाठीवर कुठे परक्यांचा लष्करी तळ पडला, कुठे करार लादला गेला, कुठे सरकार उलथवलं, की गुरुवारी निषेधाचा ठराव. असे सहाशेच्या वर ठराव संबंधित वकिलातींना टपालानं गेले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. "उत्तर आहेच कुठे त्यांच्याकडे?" असं सर म्हणत.

मात्र हीच खोली पालिका एका परदेशी कंपनीला पार्सलं ठेवायला देणार, अशी नोटीस महिनाभर भिंतीवर लटकत होती. ती सरांच्या खुर्चीच्या बरोबर मागे होती. समोरच्या दोघांना सरांचं डोकं आड येई, आणि सरांना मागे वळून बघायची सवय नव्हती.

शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनीच सांगितलं. "सर, जरा बाजूला व्हा बघू. हे वाचलंत का? मुदत आजचीच आहे. मी पालिकेत टपाल द्यायला चाललेय, तुमचा कागद असेल तर द्या, टाकते."

"असा लगेच कागद होत नसतो, मावशी," सर म्हणाले. "आधी मसुदा होतो."

"बरं," म्हणून मावशी गेल्या.

सरांचा आवाज ठाम होता, पण ही खोली जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. घरी मुलगा-सून चांगले होते, दोन वेळा गरम जेवण होतं. पण सर बोलायला लागले की मुलगा फोन कानाला लावी, आणि फोन वाजलेलाच नसे. पत्नी गेल्यापासून माणसानं माणसाचं ऐकावं अशी जागा म्हणजे ही खोली. खोली गेली की संपलं.

नोटिशीखाली टाचलेल्या हरकतीच्या फॉर्मवर कारणासाठी चार ओळी सोडल्या होत्या.

"चार ओळींत काय होतंय?" सर म्हणाले. "पुरवणी जोडू. लिहा. 'ज्या दिवशी पहिली व्यापारी जहाजं परक्या किनाऱ्याला लागली...'"

"सर, खोलीचं लिहायचंय," बँकवाल्यांनी पेन थांबवलं.

"खोलीकडेच येतोय. साम्राज्य तोफा घेऊन येत नाही हो. आधी वखार मागतं. थोडी जागा द्या, माल ठेवायचाय. मग मालाला पहारेकरी, पहारेकऱ्याला बंदूक. आपल्या खोलीत काय येतंय? वखारच ना!"

यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. खोटं असतं तर कुणीतरी थांबवलं असतं. चार वाजता सातवं पान भरलं आणि मसुदा अजून समुद्रातच होता.

सव्वाचारला बँकवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "'साम्राज्यवाद' मी लिहिणार नाही. 'नवसाम्राज्यवाद' म्हणा. जुना संपला."

"संपला? कधी? मला कसं कळवलं नाही कुणी?"

"दोन्ही लिहा ना," डॉक्टर म्हणाले. "मध्ये आडवी रेघ मारा."

"मागच्या वेळी मंडळ फुटलं ते असल्याच एका रेघेवरून!" सर म्हणाले.

मंडळाचा नियम असा की तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कागद दाराबाहेर जायचा नाही. पावणेपाचला चौदा पानं झाली. शेवटच्या पानावर खोलीचा उल्लेख आला. डॉक्टरांनी सही केली, पण खाली असहमतीची टीप जोडली. बँकवाल्यांनी हात खिशात घातले.

"मी वेगळी हरकत नोंदवणार. पर्यायी प्रवाह म्हणून."

"पर्यायी प्रवाहात माणसं किती?"

"सध्या मी."

अखेर 'जुना-नवा साम्राज्यवाद' यावर तह झाला आणि तिघं निघाले. पालिका रस्त्यापलीकडेच होती, पण मध्ये सरांचे गुडघे होते. ते खिडकीशी पोचले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

"बंद झालं," कारकून म्हणाला.

"चारच मिनिटं झालीत हो!"

"एक कागद असता तर घेतला असता, आजोबा. तुमच्या प्रत्येक पानावर शिक्का मारायचा तर सहा वाजतील."

पालिकेच्या पायरीवर सर खाली बसले. सहाशे ठराव करून झाले आणि स्वतःची चार भिंतींची जागा राखता आली नाही, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या दवाखान्यात बसत जाऊ," डॉक्टर म्हणाले.

"मुलगा बसू देईल?"

डॉक्टर रुमालानं पायरी झटकून सरांशेजारी बसले. पर्यायी प्रवाहही पलीकडे येऊन टेकला.

पुढच्या गुरुवारी तिघं सामान न्यायला आले, तर ग्रंथपालबाई हसत सामोऱ्या आल्या. "अभिनंदन! खोली राहिली. एक हरकत वेळेत पोचली होती."

तिघांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. बाईंनी कागद पुढे केला. फॉर्मच्या चार ओळींत, ठळक अक्षरांत मावशींनी लिहिलं होतं: 'खोली राहू द्या. तीन म्हातारे येतात. जगाचं काहीबाही बोलत बसतात. घरी त्यांचं कोणी ऐकत नाही. कुणाला त्रास नाही.' खाली पालिकेचा गोल शिक्का होता: हरकत मान्य. संबंधितांनी मजकूर खरा असल्याबद्दल सही करून कागद परत करावा.

"'काहीबाही'?" बँकवाले उसळले. "यात दुरुस्ती पाहिजे."

सर शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. कुठल्यातरी वकिलातीत आपल्या नावाची जाडजूड फाइल असणार, अशी त्यांची बावीस वर्षांची खात्री होती. पत्नीलाही ती होती. सर बोलायला लागले की ती बिचारी खिडक्या लावून घ्यायची. आणि आज सरकारी शिक्क्यानिशी निकाल हातात आला होता. कुणाला त्रास नाही.

"पेन द्या," सर म्हणाले. त्यांनी सही केली. त्यांच्याकडे बघून उरलेल्या दोघांनीही केली.

डॉक्टर आणि बँकवाले खुर्च्या मांडायला आत गेले. सर दारातच घुटमळले. मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, उपकार झाले तुमचे. पण अगदीच कुणाला त्रास नाही, असं का हो लिहिलंत? थोडा तरी होत असेल की कुणाला."

मावशींनी क्षणभर विचार केला. "खरं सांगू? मला होतो. तुम्ही उठल्याशिवाय झाडता येत नाही. दर गुरुवारी घरी जायला अर्धा तास उशीर."

"अर्धा तास?"

"कधी कधी पाऊण."

सरांना आठवडाभरात पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. ते आत जाऊन खुर्चीत ताठ बसले.