सुदामतात्यांचा पिवळा पट्टा

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी सुदामतात्यांनी दुखणाऱ्या दोन गुडघ्यांपैकी फक्त उजव्या गुडघ्याला तेल लावलं. दोन्ही गुडघे सारखेच दुखत होते, हे त्यांनीच सांगितलं. मग डाव्याचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तो तुलनेला ठेवलाय."

प्रयोग पंधरवडाभर चालला. मग एका दुपारी तात्या पडवीत झोपले असताना त्यांच्या बायकोने, सुमनकाकींनी, डाव्या गुडघ्याला तेल चोळलं. जाग आल्यावर तात्यांनी गुडघ्यावरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि संध्याकाळपर्यंत काकींशी बोलले नाहीत. गुडघ्याला आराम पडला होता, हे त्यांनी नाकारलं नाही. पण आता त्यातून काहीच सिद्ध होत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वाडी आहे. तात्यांच्या आणि माझ्या घरामध्ये जांभ्या दगडांचा एक गडगा आहे, आणि त्यावर हात टेकून तात्या रोज बोलतात. ते कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांना अनेक विषय सांभाळावे लागले. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ठेवला, तो म्हणजे जमिनीतलं गंधक.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडचा पाऊस तांबड्या मातीतलं गंधक धुऊन नेतो. पूर्वी लोक सुपर फॉस्फेट टाकत, त्यातून ते न मागता मिळायचं. पुढे डीएपीच्या गोण्या आल्या, त्यात गंधक नाही. पीक पिवळं पडलं की लोक युरिया मारतात आणि पीक पिवळंच राहतं. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं पिवळी पडतात, गंधक कमी असेल तर वरची कोवळी. एवढं बघायला वाकावंसुद्धा लागत नाही, असं तात्या म्हणतात. तरी ते वाकतात. कुणाच्याही शेतात न विचारता शिरतात, पान उलटं करून बघतात आणि मालकाला रस्त्यावरून हाक मारतात. मुंबईहून भाचीचा फोन आला, तर तिच्या तब्येतीआधी तिच्या गॅलरीतल्या मिरचीची चौकशी होते, पिवळं पान वरचं की खालचं.

आंब्याच्या मोहरावर भुरी रोगासाठी मारतात ते गंधक वेगळं, हे ते प्रत्येकाला बजावतात. ती भुकटी पिकाला थेट खाता येत नाही, मातीतल्या जिवाणूंनी आधी ती शिजवून द्यावी लागते. भुईमुगाला जिप्सम द्यावं, त्यातलं गंधक पिकाला थेट मिळतं; तेही फुलं आल्यावर, शेंगा धरणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरायच्या बेताला. जिप्सममध्ये चुनाही असतो, मग गुण गंधकाचा कशावरून, असं एकदा पोस्टमनने चारचौघांत विचारलं. प्रश्न योग्य असल्याचं तात्यांनी मान्य केलं आणि पुढे महिनाभर आपलं टपाल स्वतः जाऊन आणलं.

पण त्यांचा खरा जीव तुलनेत आहे. शेतात काहीही टाकलं, तरी एक पट्टा काहीही न टाकता सोडायचा. दोन्हीकडे बघायचं, मग बोलायचं. ही सवय शेतातून घरात आली. पूर्णगडहून टेम्पोने येणाऱ्या मासेवालीने मीठ लावलेले बांगडे जास्त टिकतात म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन बांगडे बिनमिठाचे ठेवले. ते काकींनी दुसऱ्या दिवशी माडाच्या मुळात पुरले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, तेव्हा ही गोळी न घेणारा माझ्या वयाचा माणूस कोण, असं तात्यांनी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. वाडीत कुणी नवी गोष्ट सांगू लागला की तात्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "तुलनेला काय ठेवलंस?"

गेल्या वर्षी हा प्रश्न त्यांच्या घरातच अडचणीचा ठरला.

घराखालचं शेत तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ अशोक यांचं सामाईक आहे. पावसाळ्यात भात आणि नंतर पऱ्याच्या, म्हणजे शेताकडेच्या ओढ्याच्या, पाण्यावर भुईमूग, अशी दोन पिकं तात्या एकटेच काढतात. अशोक विक्रोळीला असतो. जानेवारीत त्याचा फोन आला, की मुंबईचा एक माणूस फार्महाउससाठी जमीन बघतोय, त्याला घेतली तर पूर्ण हवी, अर्धी नको. चौदा एप्रिलला जयंतीला येईन तेव्हा त्याला घेऊन येतो. जमीन गेली असती तर तात्यांकडे अंगण तेवढं उरलं असतं. फोनवर ते होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. ते म्हणाले, "ये. भुईमूग उभा असेल."

फेब्रुवारीत फुलं आली तेव्हा तात्यांनी सगळ्या शेताला जिप्सम टाकलं आणि एक पट्टा सोडला. पट्टा नेमका रस्त्याकडेला होता. मार्चअखेर शेत गर्द हिरवं झालं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी दिसायची ती पिवळी किनार. तात्या व्यवहार मोडायला बघतायत, असं वाडीत उघड बोललं जाऊ लागलं. हुशार माणूस, असंही काही जण म्हणाले. काकींनी जिप्समचं घमेलं भरून पडवीत आणून ठेवलं.

"एवढं टाका नि मोकळे व्हा," त्या म्हणाल्या.

"मग बाकीचं हिरवं कशानं झालं, ते कोण सांगणार?"

"भावजी काय परीक्षा घ्यायला येतायत?"

तात्यांनी घमेलं परत गोणीत रिकामं केलं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अशोक त्या माणसाला घेऊन आला. माणूस गाडीतून उतरला, पण बांधावरून खाली उतरला नाही. पिवळ्या पट्ट्याकडे बघून त्याने विचारलं, ही बाजू नापीक आहे का. तात्या कोवळ्या पानांपासून सांगायला लागले. तो माणूस फोन आल्याचं सांगून गाडीत बसला आणि कळवतो म्हणाला.

अशोक अंगणात आला तो तापूनच. मी गडग्यापाशी होतो. काकींनी चहा आणला, तो त्याने घेतला नाही.

"दादा, मुद्दाम केलास ना?"

तात्या म्हणाले, पट्टा दरवर्षीच असतो.

"दरवर्षी असतो, मग यंदा तरी पऱ्याकडं नव्हता ठेवायचा? तिथं कोण बघणार होता? रस्त्यावरच का?"

 तात्या पडवीच्या पायरीवर बसले आणि गुडघे सरळ करून खाली शेताकडे बघत राहिले. शेवटी काकी म्हणाल्या, की हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. वडिलांनी तोंडी वाटे केले तेव्हा रस्त्याकडची बाजू थोरल्याला दिली आणि पऱ्याकडची धाकट्याला. मध्ये एक दगड आहे. पट्टा आजवर त्या दगडापलीकडे कधी गेलेला नाही.

अशोक म्हणाला, वाटे कुणी मोजलेत, सगळं एकच तर आहे.

"तू इथं नसतोस," तात्या म्हणाले. "नसलेल्या माणसाच्या वाट्यावर मी प्रयोग करत नाय."

 अशोक खाली शेतात गेला. तो बांधाबांधाने पऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथे बराच वेळ उभा होता, एवढं वरून दिसलं. परतल्यावर त्याने चहा मागितला. काकींनी नवा टाकला. मग त्याने तात्यांना वरच्या पानाचं काय ते पुन्हा सांगायला लावलं. तात्यांनी सांगितलं. ते जेवणाच्या वेळेपर्यंत संपलं नव्हतं.

मुंबईच्या माणसाचा मेमध्ये फोन आला. त्याला जमीन हवी होती. अशोकने त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. व्यवहार झालेला नाही. डिसेंबरात पेरणी नेहमीप्रमाणे तात्यांनी केली.

यंदा फेब्रुवारीत जिप्सम टाकायच्या दिवशी अशोक रजा काढून आला. दोघांनी सकाळी कामाला सुरुवात केली. रस्त्याकडेचा पट्टा तात्यांनी सोडला. दगडापलीकडे गेल्यावर अशोकने त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं आणि खाली ठेवलं. आपल्या वाट्यात त्याने चार खुंट्या मारल्या, त्यांना सुतळी बांधली आणि आतल्या जागेत जिप्सम टाकू दिलं नाही. तात्यांनी एक खुंटी उपटून सरळ रेषेत पुन्हा ठोकली.