तिथं खडक हाय

जनूभाऊ माणसाला नावानं हाक मारत नाही, उंचीनं मारतो. अंगाची उंची नव्हे. समुद्रापासून त्याचं घर किती वर आहे ती. "काय एकोणीस, पोराचं लग्न ठरलं का?" असं तो बेटेगावच्या नाक्यावर ओरडतो आणि एकोणीस मीटरवर राहणारा माणूस निमूटपणे वळून बघतो. मी तेवीस. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली म्हणून माझ्यापुरती त्यानं सवलत ठेवली आहे. मला तो 'तेवीससर' म्हणतो.

बोईसरच्या एका कारखान्यात तो पाइप फिटर होता. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. यानं मोठ्या पडद्याचा फोन घेतला आणि त्यात नकाशे बघायला लागला. गावाच्या वरच्या अंगाला जुना बंधारा आहे. त्यातलं पाणी उन्हाळ्यातही टिकतं, पण खालच्या वाड्यांना त्याचा उपयोग नाही. कुणाचा मोगरा, कुणाची वांगी, सगळ्यात शेवटी कमळीबायची मिरची. पाणी खेचायचं इंजिन कुणाला परवडत नाही. जनूभाऊचं म्हणणं एवढंच, की नकाशावर नीट उतार शोधला तर बारीक नळीतून पाणी आपल्या पायांनी खाली येईल.

म्हणून तो बांधाबांधानं चालायला लागला. फोन आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत आडवा धरलेला, नजर पडद्यावर. तो चालेल तशी नकाशावर रेघ उमटे. वाटेत म्हैस आली, की रेघ वाकडी व्हायची. मग मालकाला बोलावून म्हशीसकट शिव्या.

एके दिवशी फोननं त्याचंच अंगण समुद्राच्या खाली दाखवलं. जनूभाऊनं आधी खाट पायरीवर घेतली, मग दोष फोनचा असं ठरवलं. "यानं समुद्रच बघितला नाय. त्याला शून्य म्हंजे काय कसं कळणार?" असं म्हणून तो फोनला समुद्र दाखवायला दातिवऱ्याला गेला. तिथं किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीशेजारी उभं राहून त्यानं पडदा बघितला.

"मावशी, तुमी सहा मीटर बुडालाय."

"मेल्या, बोंबील घ्यायचेत तर घे," मावशी म्हणाली, "नायतर पलीकडं जाऊन बुड."

तो बोंबील घेऊन परत आला. त्या दिवसापासून रस्ता नकाशाचा, पण उंची गवंड्यांच्या लेव्हल पाइपनं मोजायची, असं ठरलं. लेव्हल पाइप म्हणजे पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं. दुसरं टोक धरायला गावात कुणी तयार होईना. तयार झाली माझी बायको, सुमन. पदर खोचून ती बांधावर उभी राही आणि वरून जनूभाऊचा आवाज येई, "वहिनी, पाण्याकडं बघा, माणसांकडं नको!"

"भाऊ, पाणी थरथरतंय."

"तुमी हसताय म्हणून थरथरतंय!"

मग ती आणखी हसायची आणि मोजणी चहानंतर व्हायची.

सुमन माघात गेली. भेटायला आलेल्या प्रत्येकाला काही ना काही बोलता आलं. जनूभाऊ ओटीवर बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "हितं वारा चांगला लागतो. उंच हाय ना." आणि चालता झाला.

चैत्रात आमच्या विहिरीनं तळ गाठला. परसाच्या टोकाला सुमननं लावलेला मोगरा आहे. मी तांब्या-तांब्यानं त्याला पाणी घालत होतो, तरी पानं पिवळी पडत चालली. तेव्हा जनूभाऊची नळी टाकायचं काम सुरू होतं. ती परसाच्या थोडी पलीकडून जाणार होती. मी भीत भीत विचारलं, जरा अलीकडून नेता येईल का?

"नाय," तो म्हणाला. "वळण म्हंजे पाण्याची चोरी, तेवीससर. शेवटी कमळीबायची मिरची मरायची. पाणी नातं बघत नाय, उतार बघतं."

त्याचं बरोबर होतं. मी घरात गेलो.

चार दिवसांनी परसातून भांडणाचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर नळी माझ्या परसाच्या टोकापर्यंत येऊन, मोगऱ्याला वळसा घालून परत गेली होती. कमळीबाय कमरेवर हात ठेवून उभी होती.

"गावभर सरळ सरळ करत फिरतोस, आणि हा काय रे वाकडा?"

"तिथं खडक हाय," जनूभाऊ म्हणाला.

कमळीबायनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. ती पिठासारखी मऊ निघाली. तिनं मोगऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"हाय खरा," ती म्हणाली. "पण माझ्या मिरचीला पाणी पोचलं नाय, तर त्याच खडकावर तुला आपटीन." आणि ती खाली आपल्या वाडीकडं गेली.

आता उतार पुन्हा तपासायला हवा होता. जनूभाऊनं लेव्हल पाइप उलगडला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन वर गेला. मी मोगऱ्याजवळ उभा राहिलो. सुमन धरायची तशीच नळी छातीशी धरली.

"थांबलं का पाणी?"

"नाही," मी म्हणालो. "थरथरतंय."

तो पुढचं वाक्य बोलेल असं मला वाटलं. पण तो माझ्याकडं पाठ करून बंधाऱ्याकडं बघत राहिला.

"थरथरू द्या, सर," तो म्हणाला. "बसेल. घाई नाय."

पाणी बसलं. त्यानं दोनदा मोजून घेतलं, एका ठिकाणी नळी जरा खाली दाबली आणि वर जाऊन नळीची चावी उघडली. वळणावर पाडलेल्या बारीक भोकातून पाणी झिरपून मोगऱ्याखालची माती काळी होत गेली. खालून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. जनूभाऊ नखं खात होता. मग कमळीबायचा आवाज आला, "आलं रे मेल्या, आलं!"

आता बाहेरगावचे लोक ही नळी बघायला येतात. सरळ आलेली नळी माझ्या परसात अशी का वळते, असं हमखास विचारतात. जनूभाऊ अशा वेळी फोनमध्ये डोकं घालतो. मग मीच पुढं होऊन सांगतो, की तिथं खडक आहे.