पाणसळ आणि कंबर

ताईला जाऊन सतरा दिवस झाले होते आणि तिचा धाकटा भाऊ फोनवर बोलून बसला, "वर्ग बंद? छे. बुधवारी मी घेतो."

कशाचा वर्ग, तर बेली डान्सचा. हा गडी फरशा बसवणारा. शाळेशी त्याचं सातवीतच बिनसलं होतं आणि नाचाशी कधी जमलंच नव्हतं. पण सभागृहाचा नियम असा, की सलग तीन बुधवार वर्ग भरला नाही तर ती वेळ टेबल टेनिसवाल्यांना. दोन बुधवार रडण्यात गेले होते. ताईची आठ वर्षांची जागा चेंडू टोलवणाऱ्यांना द्यायची? त्यापेक्षा कंबर मोडलेली बरी, असं तो म्हणाला. (माणसानं बोलताना जरा जपून बोलावं.)

बुधवारी नऊ बायका रांगेत उभ्या राहिल्या. समोर हा, कामाच्या पँटवर ताईचा नाण्यांचा कमरपट्टा बांधून. तिला पट्ट्याचे दोन वेढे बसायचे. त्याला एकाच वेढ्यात श्वास घेता येईना.

"दादा, हा नाच मूळचा कुठला हो?" बँकेतल्या कॅशियरबाईंनी विचारलं.

त्यानं ताईची वही उघडली. "नक्की कुणालाच माहीत नाही म्हणे. कुणी इजिप्त म्हणतं, कुणी तुर्कस्तान." त्याला हायसं वाटलं. जाणकारांनाच ठाऊक नाही, तर आपलं काय अडतंय? "फायदे. पोटाचे स्नायू बळकट होतात, पाठ सुधारते, आणि... पुढचं अक्षर लागत नाही."

"फायदे आम्हाला पाठ आहेत," निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. "करून दाखव."

वहीत लिहिलं होतं, ‘खांदे स्थिर, फक्त कंबर हलवा.’ स्थिर म्हटल्यावर त्याला एकच गोष्ट सुचली. पिशवीतून त्यानं पाणसळ काढली (फरशी सपाट बसली की नाही, हे जिच्यातला बुडबुडा सांगतो ती) आणि कॅशियरबाईंच्या खांद्यांवर आडवी ठेवली.

"बुडबुडा मधे राहिला पाहिजे. खाली कंबरेला काय धिंगाणा घालायचा तो घालू दे."

कंबर हलली. बुडबुडा जागचा हलला नाही.

"ताई दोन वर्षं हेच सांगत होत्या," कॅशियरबाई म्हणाल्या. "डोक्यात आज शिरलं."

झालं. भाऊ हरभऱ्याच्या झाडावर चढला. "आता हे बघा," म्हणत त्यानं कंबरेला असा काही झटका दिला की काड्कन आवाज आला. पट्टा तुटला असं सगळ्यांना वाटलं. पट्टा शाबूत होता.

नर्सबाईंनी त्याला जमिनीवर उताणा निजवून गुडघ्यांखाली उशी सरकवली. "हलू नकोस."

"हलता आलं असतं तर पडलो असतो का? तुम्ही वर्ग थांबवू नका. तपासायला येतील."

नर्सबाई पुढे उभ्या राहिल्या. "चला गं, आठचा आकडा." नऊ कमरपट्टे एकदम वाजू लागले. भावानं डोळे मिटून घेतले.

"दुखतंय का रे?"

"पाठ नाही."

तेवढ्यात सभागृहाचा व्यवस्थापक रजिस्टर घेऊन आला. माणूस परवाच कामावर लागलेला.

"शिकवतं कोण?"

"मी," नर्सबाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"नवीन विद्यार्थी."

व्यवस्थापकानं ‘वर्ग भरला’ असं लिहिलं आणि मायेनं खाली वाकला. "भाऊ, घरात एखादी बहीणबिहीण असेल तर आधी तिच्याकडून थोडं शिकून यायचं."

पट्टे वाजायचे थांबले.

"होती," तो छताकडे बघत म्हणाला. "आठ वर्षं हाच वर्ग घेतला तिनं. मला एकदाही आत येऊ दिलं नाही."

व्यवस्थापकानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि रजिस्टर मिटलं.

"बाई फार समजूतदार होत्या," तो म्हणाला.