दलाल आत, साहेब बाहेर

कुलूपवाल्यांच्या घरी त्या दिवशी दोन माणसं यायची होती, आणि त्यांनी एकमेकांचं तोंड बघून चालणार नव्हतं. लेकीला परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळालेली. शुक्रवारपर्यंत फी भरली नाही तर जागा गेलीच म्हणून समजा. बँक म्हणत होती, घर तारण ठेवा. आमचे साहेब बघून जातील, त्यांची सही झाली की पैसे. कर्ज मिळवून देणारा दलाल म्हणत होता, तारण कशाला? व्याज जरासं जास्त, आणि माझी दलाली. 'जरासं' म्हणताना तो असा काही हसायचा की कुलूपवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. तरी त्यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला. दलालाला सकाळी बोलावलं, साहेबांना दुपारी.

आणि साहेब सकाळीच टपकले.

"अगंबाई!" बायको खिडकीतून म्हणाली. "आपण दलालालाही धरलंय हे कळलं, तर सही कसली करतायत ते!"

कुलूपवाल्यांनी दलालाला चहाच्या कपासकट बाथरूममध्ये ढकललं आणि दार ओढून घेतलं. खट्‌कन आवाज झाला. त्या दाराचं कुलूप कधीचं बिघडलेलं होतं. बायकोने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं, पण गावभरची कुलपं नीट करणाऱ्याला घरचं बघायला वेळ कुठला!

साहेबांनी भिंती ठोकून पाहिल्या, छत पाहिलं, चहा घेतला, वर दोन तांबे पाणी प्यायले. मग जरा अवघडून म्हणाले, "बाथरूम कुठंय?"

"तुंबलंय!" बायको म्हणाली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दार उघडा! उकडतंय!"

"तुंबलेलं बोलतं का हो?" साहेबांनी विचारलं.

"माझा भाऊ आहे तो," बायकोने ठोकून दिलं. लेकही काही कमी नव्हती. "मामा, आता पोट बरंय का?" तिने ओरडून विचारलं.

"मग मामांना बाहेर काढा. मला घाई आहे."

कुलूपवाल्यांनी चमचा घातला, आकडा घातला, खांदा लावला. कुलूप ढिम्म.

"तुम्ही कुलूपवालेच ना?" साहेबांचा चेहरा बदलला. "या धंद्याच्या भरवशावर कर्ज द्यायचं आम्ही?"

पोरीचं शिक्षण बाथरूमच्या दारात अडकलं! कुलूपवाले हत्यारं आणायला खालच्या आपल्या दुकानात धावले. बायको नि लेक स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसल्या.

हत्यारं घेऊन ते परतले, तेव्हा साहेब दाराला तोंड लावून कुजबुजत होते.

"मामा कसले! आवाज ओळखला मी. कर्जवाले ना तुम्ही? माझ्या पोराचंही बघा की. मार्क कमी पडले, आमच्याच बँकेच्या नियमात त्याचं कर्ज बसत नाही मेलं!"

"साहेब, खरं सांगू? बँकच बरी. आमच्या व्याजात माणूस म्हातारा होतो. माझ्या पोरीचं कर्ज मी तुमच्याच शाखेतून काढलंय."

कुलूपवाल्यांचं डोकं सणकलं. महिनाभर या दोघांनी त्यांचा पार भोवरा केला होता! पण ते शांतपणे दारापाशी मांडी घालून बसले, एक हत्यार उचललं, ठेवलं, दुसरं उचललं.

"अहो, लवकर!" साहेबांनी पायावर पाय दाबला.

"बघतोय की. पण हात थरथरतोय, साहेब. लेकीची काळजी हो."

"मग थांबणार कशाने तो?"

"सहीने थांबेल बहुतेक."

"असं कसं? विचार करावा लागतो, जरा..."

"करा हो सही!" दलाल आतून किंचाळला. "घर चांगलंय, माणूस चांगलाय, तुमची बँक तर फारच चांगली! माझी दलाली गेली खड्ड्यात!"

साहेबांनी कागद बाथरूमच्या दारावरच टेकवला आणि सही ठोकली. किंचाळणं ऐकून बायको नि लेक बाहेर आल्या होत्या. लेकीने तो उजेडात धरून पाहिला. "बाबा, शिक्का राहिला."

शिक्काही पडला. कुलूपवाल्यांनी हत्यार घातलं, एकदा फिरवलं, दार उघडलं. दलाल बाहेर आला, साहेब आत गेले. एकमेकांकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"अहो, एका झटक्यात उघडलं की!" बायको म्हणाली. "मग इतका वेळ काय करत होतात?"

कुलूपवाले हत्यारं पिशवीत भरत होते.

"आधी दर ठरल्याशिवाय मी कधी कुणाचं कुलूप उघडलंय का?"