हैबतरावांची व्हेज पोपटी

नितेश मोकलने गाडी बुक केली, पण ती उभी कुठे करायची याचा विचार केला नव्हता. तो विचार त्याच्या बायकोने, दर्शनाने, शोरूमच्या पायऱ्या उतरता उतरता केला आणि त्याला विचारलं. नितेश म्हणाला, बघू. (नितेशच्या आयुष्यातली बहुतेक प्रकरणं ‘बघू’पासूनच सुरू झालेली आहेत. लग्नसुद्धा.)

रोह्याजवळच्या वरसे गावात त्यांची सोसायटी. नाव रिव्हर पॅलेस. रिव्हर दिसते, नाही असं नाही, पण त्यासाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. पॅलेस मात्र कुठूनच दिसत नाही. फ्लॅट भरपूर, पार्किंग बेताचं. मागच्या गेटजवळ, भिंतीला लागून एकच जागा मोकळी उरली होती. तिला फरशी नव्हती, नुसती माती होती, पण गाडीला काय, मातीही चालते. ही जागा कोणाला द्यायची ते चेअरमन ठरवणार होते. चेअरमन म्हणजे हैबतराव.

हैबतराव मूळचे घाटावरचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, बदली होऊन रोह्याला आले आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिले. स्टँडवर गाड्या लावून घेण्यात हयात गेली, त्यामुळे सोसायटीत कोणाची स्कूटर जरा तिरकी दिसली की आजही त्यांचा हात शिट्टी शोधत खिशाकडे जातो. गळ्यात माळ. खाण्याच्या बाबतीत इतके कडक, की लिफ्टमध्ये कोणाच्या पिशवीत अंडी आहेत असा नुसता संशय आला तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने जातील. अशा माणसाला खूश कसं करायचं या विवंचनेत नितेश होता, आणि तेवढ्यात जानेवारी आला.

जानेवारीत आमच्याकडे वालाच्या शेंगा येतात आणि माणसं पोपटीबद्दल बोलायला लागतात. मडक्यात भांबुर्डीचा, म्हणजे रानात उगवणारा उग्र वासाचा, पाला घालायचा, त्यावर शेंगा, कांदे, बटाटे, रताळी, ओवा आणि जाडं मीठ. वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही. आणि बहुतेक लोक त्यात कोंबडी घालतात. खरी अडचण ती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या मोटरीचा विषय संपवून मंडळी पोपटीवर घसरली, तेव्हा हैबतरावांनी चक्क सुस्कारा टाकला. म्हणाले, इतकी वर्षं या गावात काढली, दर थंडीत वास घेतला, पण पोपटी कधी तोंडात गेली नाही. जो तो कोंबडी घालतो.

नितेशने दुसऱ्या कोणाला बोलूच दिलं नाही.

“साहेब, मी लावतो ना तुमच्यासाठी. प्युअर व्हेज. पोपटीत आपला हात बसलेला आहे.”

दर्शनाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो हात कुठे बसलेला आहे ते तिला ठाऊक होतं. नितेश पेणच्या बाजारपेठेतला, वडिलांचं बांगड्यांचं दुकान. पोपटी लावायचे त्याचे मामा, आणि नितेशकडे काम असायचं ते जमिनीवर पेपर अंथरून वाट बघत बसण्याचं. त्या कामात मात्र त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

एका मडक्याची गोष्ट दोन दिवसांत सगळ्या सोसायटीची झाली. समोरच्या विंगने कळवलं की नुसती भाजीपाल्याची पोपटी असेल तर आम्ही घरी टीव्ही बघतो. मग दोन मडकी ठरली. कुवेतहून सुट्टीवर आलेला शेजारचा इलियास म्हणाला, चिकन माझ्याकडून, मसाला माझी बायको अनीसा लावेल. हैबतरावांनी अटी घातल्या. जाळ एक असला तर चालेल, मडकी वेगळी हवीत. त्यांचं मडकं त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या बायकोच्या, गोदूबाईंच्या, नजरेखाली भरायचं. आणि एकदा तोंड बंद केलं की ते त्यांनी स्वतः उघडायचं, मधे कोणी पाल्याला बोट लावायचं नाही. नितेश प्रत्येक अटीला हो म्हणत गेला. त्याच्या डोळ्यांसमोर मडकं नव्हतंच, गाडी होती.

जागेची निवडही त्यानेच केली. जाळ करायचा तर माती हवी, आणि सोसायटीत माती एकाच ठिकाणी. मागच्या गेटजवळ. लोकांना त्या जागी आपल्याला बघायची सवय लागली म्हणजे अर्धं काम झालं, असा त्याचा हिशेब. हा हिशेब त्याने दर्शनाला अभिमानाने सांगितला. ती म्हणाली, आधी पोपटी नीट लावा.

आता नितेशच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्या नोकरीने केला. तो धाटावला एका कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क आहे. तिथे पिंपावर चिठ्ठी, पोत्यावर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली वस्तू दिसली की त्याचा जीव घाबरा होतो. घरीही त्याने सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. एकदा मिठाच्या डब्याला साखरेची लागली आणि दर्शनाच्या भावाला तो चहा प्यावा लागला, पण त्याला आता वर्ष होऊन गेलं.

तर रविवारी संध्याकाळी दोन्ही मडकी खाली आली. एक हैबतरावांच्या घरून, त्यावर गोदूबाईंनी हळदकुंकू लावलेलं. दुसरं नितेशच्या घरून, दर्शना आणि अनीसाने भरलेलं. दोन्ही एकाच दुकानातली, एकाच मापाची, जुळी म्हणा ना. हळदकुंकवावर नितेशचा विश्वास नव्हता. पुसलं गेलं म्हणजे? त्याने कंपनीतून आणलेल्या दोन चिठ्ठ्या काढल्या, एकीवर ‘शाकाहारी’ आणि दुसरीवर ‘मांसाहारी’ असं ठळक लिहिलं आणि मडक्यांना घट्ट चिकटवल्या. वरून चिकटपट्टीही मारली. हैबतराव म्हणाले, “याला म्हणतात नियोजन.” नितेशने लाजून जमिनीकडे पाहिलं. जमीन जवळजवळ आपलीच झाली असं त्याला वाटलं.

मडकी उलटी ठेवली. भोवती पेंढा, सुकी पाती, करवंट्या, गोवऱ्या. काडी लावली. जाळ भसकन वर गेला, पोरांनी टाळ्या पिटल्या, बायकांनी खुर्च्या मागे घेतल्या. पाल्याचा वास सुटला. हैबतराव डोळे मिटून तो नाकात भरून घेत होते आणि नितेश कमरेवर हात ठेवून, मामा उभे राहायचे तसा उभा होता. त्याच्या बाजूला इलियास. इलियास कधी आवाज चढवत नाही. त्याने जाळाकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं,

“नितेश, ती चिठ्ठी कागदाची व्हती का पत्र्याची?”

नितेशने जाळात पाहिलं. कानशिलं तापली, आणि ती काही जाळाने नव्हे. चिठ्ठी, चिकटपट्टी आणि हळदकुंकू तिघंही केव्हाच वर गेली होती. जाळात आता दोन काळी मडकी होती आणि त्यात काडीचा फरक नव्हता.

तो म्हणाला, घाबरायचं कारण नाय, व्हेज डावीकडे ठेवलंय. इलियासने विचारलं, भिंतीकडे तोंड करून डावीकडे, का गेटकडे? नितेशने भिंतीकडे तोंड करून पाहिलं, मग गेटकडे केलं. मडकी ठेवताना तो चारी बाजूंनी फिरला होता. एकदा तर ओणवाही झाला होता. डावं कुठलं ते त्याला आता देवाशपथ सांगता येईना. त्यात जाळ बसल्यावर समोरच्या विंगमधल्या जगनने उत्साहाच्या भरात बांबूने दोन्ही मडकी बाहेर ओढली आणि ती एकमेकांभोवती लोळून थांबली. डावं-उजवं काय उरलं होतं ते तिथे संपलं. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. पोपटी तयार होती.

हैबतराव उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या.

“कुठलं माझं?”

खरं सांगायचं तर ही वेळ खरं सांगायची होती. नितेशच्या मनात तसं आलंही. साहेब, चूक झाली, एवढंच म्हणायचं. पण ‘साहेब, चूक’ म्हणजे गाडी रस्त्यावर, गाडी रस्त्यावर म्हणजे दर्शनाचं तोंड, आणि वर सगळ्या सोसायटीत ‘चिठ्ठीवाला’ हे नाव कायमचं. तो म्हणाला, “एक मिनिट, साहेब. जरा मुरू द्या.” आणि पहिल्या मडक्यापाशी वाकून हुंगलं. पाल्याचा वास. दुसरं हुंगलं. पाल्याचाच वास. भांबुर्डीसमोर कोंबडी काय नि बटाटा काय, सगळ्यांना तोच वास. त्याने फडक्यात धरून एक उचललं, दुसरं उचललं. दोन्ही जड. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने मडक्याला कान लावला. (कोंबडी काही बोलेल अशी आशा असावी.) मडकं अजून रसरसलेलं होतं. नितेश हूं की चूं न करता सरळ झाला, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाची पाळी भाजल्या वांग्याच्या रंगाची झाली.

हैबतरावांनी विचारलं, हे काय? नितेशने सांगितलं, जुनी पद्धत आहे, पोपटी ऐकून बघतात. हैबतरावांनी आदराने मान डोलावली. मागे उभ्या असलेल्या लोकांपैकी दोघांनी पुढे होऊन कान लावायचा प्रयत्न केला, त्यांना इलियासने आवरलं.

आता काही शिल्लक राहिलं नव्हतं. नितेशने मनातल्या मनात पेणच्या घरचा गणपती आठवला आणि एका मडक्याकडे बोट केलं. हे. हैबतरावांनी पाल्याचा बोळा उपसला, मडकं पेपरवर उपडं केलं. वाफेचा लोट उठला. नितेशने डोळे मिटून घेतले होते. त्याला पहिल्यांदा ऐकू आला तो गोदूबाईंचा आवाज, “अगंबाई, काय शेंगा झाल्यात.” त्याने एक डोळा उघडला. शेंगा, बटाटे, रताळी, कांदे. पंख नाही की तंगडी नाही. तो तिथेच मातीत बसला. लोकांना वाटलं कारागीर दमला.

हैबतरावांनी एक शेंग सोलली. दुसरी सोलली. मग त्यांनी शेंगांचा ढीगच आपल्याकडे ओढून घेतला. असे हैबतराव सोसायटीने कधी पाहिले नव्हते.

समोरच्या विंगने दुसरं मडकं आपल्याकडे ओढलं आणि मोठ्या हौसेने उपडं केलं. शेंगा, बटाटे, रताळी, कांदे. जगनने पाला झटकून पाहिला, मडक्यात हात घालून पाहिलं, मग इलियासकडे पाहिलं. इलियासने अनीसाकडे पाहिलं. अनीसाने पदराआड हसू लपवत दर्शनाकडे पाहिलं. दर्शना शांतपणे रताळं सोलत होती.

नितेशने तिला बाजूला घेऊन विचारलं, चिकन कुठाय?

“फ्रीजमध्ये,” दर्शना म्हणाली. “मी तुमच्याबरोबर दहा वर्षं राहते. तुम्ही चिठ्ठ्या लावणार हे कळल्यावर मी आणि अनीसाभाभीने ठरवलं, कोंबडी घालायचीच नाय. उद्या रस्सा करू.”

म्हणजे हुंगणं फुकट, उचलणं फुकट आणि कान तर फुकटच्या फुकट. नितेशला बायकोचा राग यावा की तिचे पाय धरावेत ते कळेना. त्याने अर्धा राग धरला आणि अर्धे पाय. समोरची विंग थोडी कुरकुरली, पण शेंगा गरम होत्या आणि भूक लागलेली होती, तेव्हा कुरकुर फार टिकली नाही. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती.

पण हैबतरावांनी दोन्ही पेपर पाहिले होते. ते हात पुसत उठले. म्हणाले, मी एका मडक्याची अट घातली होती. या माणसाने माझ्या एका माळेसाठी अख्ख्या सोसायटीचं मडकं शाकाहारी ठेवलं. असा शेजारी मला नोकरीत मिळाला नाही, गावातही मिळाला नाही. नितेशने खाली मान घातली. दर्शनाने रताळ्यात तोंड घातलं. हैबतराव पुढे म्हणाले की मोकळ्या जागेचा निर्णय मीटिंगपर्यंत थांबवायची गरज नाही, तो ते आत्ताच जाहीर करतात. नितेश मातीतून उठून उभा राहिला आणि त्याने पँट झटकली.

“ही जागा,” हैबतराव म्हणाले, “आजपासून पोपटीसाठी राखीव. इथे फरशी बसणार नाही आणि गाडी लागणार नाही. दर वर्षी पोपटी इथेच, आणि तिचे कायमचे प्रमुख नितेश मोकल.”

टाळ्या झाल्या. सर्वांत मोठी टाळी इलियासची होती.

पंधरवड्याने गाडी आली. दर्शनाने ओवाळली, नारळ फोडला. मग नितेशने ती दोन तास रस्त्यावर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंकडे बघून त्याचा धीर सुटला आणि दुपारी सगळे झोपले असताना त्याने ती हळूच मागच्या गेटने आत घेतली. भिंतीवर आता पत्र्याची पाटी आली होती, हैबतरावांनी रंगवून आणलेली. नितेशने तिच्याकडे बघायचं टाळलं. एवढ्यात दिनेश पुढे आला. दिनेश म्हणजे परवाच कामाला लागलेला नवा वॉचमन, अजून कोणाला नावाने ओळखत नव्हता. त्याने काचेवर टकटक केलं.

“साहेब, हितं नाय लावता येनार. पाटी बघा की. मोकल म्हनून कोन साहेब हायत, त्यांचं नाव हाय खाली. लय कडक मानूस हाय म्हनतात.”

नितेशने विचारलं, त्या मोकलसाहेबांची परवानगी काढली तर?

दिनेशने गाडीकडे पाहिलं, मग नितेशच्या चेहऱ्याकडे आणि त्याच्या कानाकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याची दया आली असावी.

“जाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “तुमच्यासारख्याचं ते ऐकनार नाय.”

नितेशने रिव्हर्स टाकला.