गॅरेटचं सिंहासन आणि पिनेतला चाप

अमेरिकन फुटबॉलचा संघ नव्याने उभा करायचा तर आधी क्वार्टरबॅक हवा, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. चेंडू त्याच्या हातात, डोकं त्याचं, फेक त्याची. त्याच्यापुढे पाच धटिंगण वाकून उभे असतात, ती लाइन. त्यांचं काम काय, तर समोरच्याला ढकलायचं. ढकलायला काय, धार काढताना आमची गायही मला ढकलते.

आमच्या केल्सो फॉल्सच्या शाळेने दोन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. पालक मंडळाला एकच गोष्ट परवडणार होती: क्वार्टरबॅकला फेक शिकवणारा मास्तर, नाहीतर लाइनला ढकलायच्या सरावासाठी लोखंडी घसरगाडा. शुक्रवारी वार्षिक मिरवणूक संपली की तिथेच मतं घ्यायची ठरलं. मी अर्थातच मास्तराच्या बाजूने. क्वार्टरबॅक माझा नातू गॅरेट होता, हा निव्वळ योगायोग. घसरगाड्याच्या बाजूने माझा मेहुणा ऑर्विल, तीस वर्षं लाइनला शिकवणारा.

मतं फिरवायला मी गवताच्या ट्रॉलीवर सोनेरी सिंहासन उभारलं, छपराएवढं उंच. वर गॅरेट, हातात चेंडू. मागे फलक: ‘संघ म्हणजे क्वार्टरबॅक’. फलक वाऱ्याने फडफडत होता, म्हणून हाताशी आलेला एक लोखंडी चाप काढून त्याला लावला. छान बसला.

ऑर्विल आला, सिंहासनाभोवती फिरला. “दाजी, माझी पाच पोरं कुठे बसणार?”

“बसतील कशाला? ट्रॉलीमागून चालू देत. व्यायाम होईल.”

“ट्रॉली नीट जोडलीस ना?”

“चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय मी. तू तुझी पोरं सांभाळ.”

तो मान हलवून पोरांकडे निघून गेला. तेव्हाच अजून बोलला असता तर बरं झालं असतं, पण मी ऐकलं नसतं.

मिरवणूक चर्चच्या चढाला लागली. अर्ध्या चढावर लोक अचानक ओरडायला लागले, हात हलवायला लागले. मीही टोपी काढून हलवली. इतकं कौतुक मला लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं. ट्रॅक्टरही कसा हलका हलका चालत होता. मी मनात म्हटलं, इंजिनाचं तेल बदललं ते बरं केलं.

माथ्यावर देखाव्यांना बक्षीस देणाऱ्या परीक्षकांचं टेबल होतं. त्याच्याशेजारी ऑर्विल उभा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दाजी,” तो म्हणाला, “तुझा क्वार्टरबॅक कुठाय?”

मी मागे वळून पाहिलं. ट्रॅक्टरमागे रस्ता होता. नुसता रस्ता.

चाप! ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन निसटू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात घालायचा चाप. तो फलकाला लावून मी मिरवणुकीला निघालो होतो.

ट्रॉली चढाच्या मध्यावर होती. तिच्या मागे बालवाडीची वीस पोरं तीनचाकी सायकलींवर आणि त्यांच्याबरोबर माझी बायको आर्लीन. आणि ट्रॉली व पोरं यांच्यामध्ये ते पाच धटिंगण, खांदे लावून, पाय रोवून. ट्रॉली बोटभरही हलत नव्हती. वर गॅरेट सिंहासनाला मिठी मारून बसला होता.

मी उतारावरून कसा धावलो मला आठवत नाही. कुणीतरी चाकाखाली भोपळा सारला होता, त्याचा रस्त्यावर लगदा झाला होता. आर्लीन पोरांना बाजूला नेत होती. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं.

“पोरांनो, धरा, सोडू नका,” मी म्हणालो.

त्यांतला सगळ्यात आडवा, लीफ, खालूनच म्हणाला, “सावकाश होऊ दे, आजोबा. आम्हाला सवय आहे. गॅरेट सामन्यातपण चेंडू फेकायला असाच वेळ लावतो.”

“मी ऐकतोय हां,” वरून गॅरेट म्हणाला.

मी ट्रॅक्टर मागे आणला, रस्त्यात पडलेली पिन घालून तारेने बांधली, ट्रॉली जोडली, तेव्हा कुठे ते पाच जण सरळ उभे राहिले. मी एकेकाचा हात धरून आभार मानले. लीफपाशी आलो आणि मला रडूच आलं. तो बिचारा गोंधळला, माझी पाठ थोपटत बसला.

ट्रॉली माथ्यावर आणली, तेव्हा परीक्षक विल्हेल्मिना टोबलरबाई दुर्बीण खाली ठेवून उभ्या राहिल्या. वय पंच्याऐंशी, आवाज खणखणीत. “पहिलं बक्षीस डेल्बर्टला,” त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या. “क्वार्टरबॅकला लाइनच कशी तोलून धरते, याचा इतका जिवंत देखावा मी कधी पाहिला नाही. नातू क्वार्टरबॅक असूनही डेल्बर्टने हे दाखवलं, याला मोठं मन लागतं.”

मी ऑर्विलकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. एका वाक्यात तो मला गावभर नागडा करू शकत होता. त्याने फलकाचा चाप काढला, पुसला आणि हळूच माझ्या हातात ठेवला. “भाषण कर, दाजी. आणि हा घरी जाताना लागेल.”

तीस वर्षं ज्याच्याशी भांडलो, त्याचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. त्या पाच पोरांचे तर नाहीच.

मतदानात घसरगाड्यासाठी पहिला हात माझा वर गेला. गाडा शहरातून आणायला ट्रॉलीही माझीच न्यायची ठरली. फक्त पिन ऑर्विलने लावायची, अशी सूचना आर्लीनने मांडली. तीही एकमताने मंजूर झाली. हो, माझ्या मतासकट.